बोलपटात श्वान परत आणिल्याची हकीकत

श्रोतीं सावध असावे. राज्ये आली, राज्ये गेली, किल्ले पडले, तह मोडले, या सर्वांच्या हकिकती थोरांनी थोरांच्या लिहिल्या. त्यांत चतुष्पाद आला तो घोडा, नाही तर हत्ती, आणि तोही पाठीवर कोणी बसले असेल तरच. ज्याचे पाठीवर कोणी बसले नाही, ज्याने आपली कीर्ती आपल्याच चार पायांवर वाहिली, त्या श्वानाची दाद कोणा लेखकाने घेतली नाही. पुढे आमचे घरी असे जाहले की एकाच मोहिमेची हकीकत ज्याच्या त्याच्या तोंडी निराळी फिरू लागली, आणि जेवताना तंटे होऊन ताटे निवू लागली, आणि मग घरच्या सूनबाईंनी हुकूम सादर केला जे, झाले ते झाल्याप्रमाणे एकदा लिहून काढावे, मीठमसाला घालू नये. त्या आज्ञेप्रमाणे लिहिले आहे. मीठ घातलेले नाही. मसाला आपसूक पडला असेल तर क्षमा असावी.

पूर्वी चित्रे मुकी होती. पडद्यावर माणसे ओठ हलवीत, आणि प्रेक्षक आपल्या मनाचे शब्द त्यांच्या तोंडी घालीत, आणि सर्वत्र आबादीआबाद होते. मग चित्रास वाचा फुटली, आणि मोठा गहजब जाहला; कारण ज्यांचे रूप चंद्रासारखे त्यांचा आवाज फाटक्या पिपाणीसारखा निघाला, आणि बहुत नामांकित नट घरी बसले. ते समयी एका चित्रकंपनीने मसलत केली जे, नायक श्वान करावा. त्यास पाठांतर लागत नाही, तो उच्चारात चुकत नाही, आणि त्याचा आवाज जन्मापासूनच खणखणीत. बोलपटाचे नाव मुक्रर जाहले ‘बोलका शिलेदार’.

मग मोठ्या इतमामाने एक खानदानी श्वान आणविला, ज्याची वंशावळ त्याच्या मालकास मुखोद्गत होती. तो डौलाने मैदानात आला, आणि त्याने मान वर केली, तो डोक्यावर काठीस टांगलेला मायक्रोफोन. ते काळे भेंडोळे पाहताच त्याचे धैर्य खचले आणि तो मेजाखाली शिरला, आणि मालकाने मिन्नतवारी केली, आणि दिग्दर्शकाने धाक घातला, आणि नायिकेने गोड हाका मारिल्या, तरी खानदान बाहेर येईना.

तेथे सेटचा सुतार आपले काम करीत होता. ज्यांमागे घर नाही अशी दारे आणि ज्यांपलीकडे आकाश नाही अशा खिडक्या बनविणे हा त्याचा हुद्दा. त्याचा कुत्रा भुशाच्या ढिगावर निजलेला असे. जात विचाराल, तर सर्व जाती थोड्या थोड्या. रंग भुशाचाच, त्यामुळे निजला म्हणजे ढिगात मिळून जाई आणि लोक पाय देत. डावा कान अर्धा. तो बाळपणी मांजराशी जाहलेल्या लढाईत कामास आला. हा श्वान गलबल्याने जागा जाहला, आणि त्याने मायक्रोफोनकडे पाहिले, आणि हा आपणांवर चाल करून येतो ऐसे समजून असा भुंकला की ध्वनिलेखकाने कानावरचे यंत्र ओढून भिरकाविले. दिग्दर्शक बोलिला, “हाच.” इतक्या एका शब्दात सनद मिळाली, आणि त्या दिवसापासून त्याचे नाव शिलेदार.

परंतु शिलेदार कोणाचा हुकूम मानीना. सुताराची कन्या, दोन वेण्यांची, रोज बापासंगे येई. तिचा मात्र मानी. सबब फर्मान निघाले जे, मुलीने कॅमेऱ्याचे उजवे अंगास खोक्यावर बसावे, मुठीत पावाचा तुकडा धरावा, आणि तोंडातून हूं की चूं काढू नये. मग ती बसे, आणि शिलेदार तिजकडे पाहून सर्व पराक्रम करी. दोर तोडी, चोर धरी, न्यायसभेत साक्षीस उभा राही. आणि बोलपट पुरा होऊन गावोगाव निघाला, आणि तिच्या गावी आला तेव्हा कन्येस गोवर निघाला. ती अंधाऱ्या खोलीत पडून राहिली आणि बोलपट पुढल्या गावी गेला. त्या काळी रिवाज असा की फीत चालून चालून जीर्ण जाहली म्हणजे परत मागवावी आणि धुऊन तिजवरील चांदी काढून घ्यावी. येणेप्रमाणे शिलेदाराच्या सर्व प्रती चांदीपायी गेल्या, ऐसी सर्वांची समजूत जाहली. खासा शिलेदार त्यापूर्वीच भुशाच्या ढिगावर म्हातारपणाने निजला, तो कोणी पाय दिला तरी उठला नाही.

ती दोन वेण्यांची कन्या म्हणजेच आमच्या घरच्या आत्याबाई. उभे आयुष्य टपाल कचेरीत शिक्के मारून निवृत्त जाहल्या आणि भाच्याचे घरी राहतात. भाचेसाहेब विमा कचेरीत दाव्यांची छाननी करितात. त्यांचा धर्म असा की कोणी बोलला, माझे घर जळाले, तर यांनी प्रथम राख दाखवा म्हणावे.

आत्याबाईंच्या पोतडीत शिलेदाराच्या गोष्टी अपार. पीठ कधी सरले नाही असे घर नसते, पण या घरात गोष्ट कधी सरली नव्हती. ताटावर बसावे आणि शिलेदार यावा, भाजी निवडावी आणि शिलेदार यावा. पुढे एके दिवशी भाचेसाहेबांच्या कचेरीतले पाहुणे जेवावयास आले, आणि आत्याबाईंनी खोक्याची गोष्ट काढिली, आणि भाचेसाहेबांस पाहुण्यांपुढे जोर चढला.

“आत्या, कुत्रा होता, मान्य. भुसा होता, मान्य. पण तो सिनेमातला कुत्रा तोच, आणि तू कॅमेऱ्याशेजारी बसलीस, याला पुरावा काय? दावा नामंजूर.”

पाहुणे हसले. आत्याबाईही हसल्या. एक पाहुणा जाता जाता बोलिला, “तुमच्या आत्या मजेशीर थापा मारतात हो,” आणि जिन्यावरचे ते बोलणे आत्याबाईंनी ऐकिले. त्या दिवसापासून त्यांनी शिलेदाराचे नाव सोडिले. कोणी काढिले तरी म्हणत, “जाऊ दे, जुनं झालं.” मग जेवणास पाण्याच्या भांड्यांचा तेवढा आवाज उरला, आणि एखाद्या घरातून घड्याळ उचलून न्यावे आणि सर्वांस चुकल्यासारखे व्हावे परंतु काय गेले ते कोणी बोलू नये, तसे जाहले.

ऐशात खबर आली जे, बंद पडलेल्या एका चित्रगृहाच्या माळ्यावर गंजलेले डबे सापडले, आणि त्यांत ‘बोलका शिलेदार’ निघाला. जुन्या चित्रपटांचे संग्रहालय आहे, तेथील बाईंनी ती फीत आपल्या ताब्यात घेऊन, जुनी फीत ठिणगीस भुकेली असते सबब तिची नवी नक्कल काढवून, रविवारी सकाळी खेळ लाविला. भाचेसाहेबांच्या पत्नी त्याच सूनबाई, त्यांनी वर्तमानपत्र आत्याबाईंपुढे धरिले. आत्याबाईंनी चष्मा काढिला, पुसला, पुन्हा घातला, आणि इतकेच बोलिल्या, “मला ठेवणीतलं पातळ काढून दे.”

रविवारी फौज कूच जाहली. आघाडीस सूनबाई, त्यांचे हाती चहाचा थर्मास. मध्ये आत्याबाई, कंबरेस उशी. पिछाडीस भाचेसाहेब, चेहऱ्यावर छाननी. खेळ सुरू जाहला, आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत शिलेदाराचे नाव झळकले, आणि आत्याबाईंनी पदर सारखा केला, जणू कोणी वडील माणूस यावयाचे आहे.

मग नवल वर्तले. पडद्यावर चोर आले, आणि त्यांनी सावकारास खांबास बांधिले, आणि सावकार ओरडला, “शिलेदार, धाव,” आणि फितीस एक हिसका बसला, आणि पाहतात तो सावकार मोकळा, आणि जमिनीकडे पाहून गहिवरतो आहे जे, तुझे उपकार कसे फेडू. धावले कोण, दोर तोडिला कोणी, काही कळेना. पुढे बागेत नायिका व नायक बसले, आणि नायिकेने लाजून ओठ उघडले, आणि त्या ओठांतून आवाज आला, भो. सभागृहात खसखस पिकली. पुढे न्यायसभा भरली, आणि न्यायाधीशांनी हातोडा आपटला, आणि सर्वत्र शांतता पसरली, आणि न्यायाधीश भुंकले. मग सभेची मर्यादा राहिली नाही. लोक पोट धरून खुर्च्यांवर लोळले. आणि शेवटापर्यंत सर्व पात्रे शिलेदारास शाबासकी देत राहिली, आणि शिलेदार काही आला नाही. कुत्र्याच्या बोलपटात कुत्राच नव्हता.

बाहेर व्हरांड्यात भाचेसाहेब डोळे पुसत आले. “आत्या, न्यायाधीश फार छान भुंकला. तो पण आपल्याच भुशातला का?”

सूनबाईंनी त्यांच्या दंडास चिमटा घेतला, परंतु बाण सुटला होता.

आत्याबाई पायरीवर बसल्या. “आवाज त्याचाच होता, बाळ्या.”

“अगं, आवाज सगळ्या कुत्र्यांचा सारखाच असतो.”

“नसतो.” मग त्या आपल्या चपलेच्या अंगठ्याकडे पाहू लागल्या. “का कोण जाणे. असेल सारखा. इतकी वर्षं झाली, माझंच काहीतरी चुकत असेल. बसले असेन भलत्याच कुणाच्या सिनेमात. चल घरी.”

हे शब्द ऐकताच भाचेसाहेबांचे हसू जागीच वाळले. आत्याबाईंनी गोष्ट सोडिली होती ते एक. आता त्या स्वतःवरचाही भरवसा सोडू लागल्या, आणि दावा नामंजूर करताना ज्याची भरपाई होत नाही अशी वस्तू हाती फुटली हे त्यांस प्रथमच कळले. परंतु सूनबाई कळण्यासाठी थांबल्या नाहीत. त्यांनी थर्मास नवऱ्याचे हाती दिला, पदर खोचला, आणि ऑपरेटरच्या खोलीवर चाल केली.

ऑपरेटर आत फीत गुंडाळीत होते आणि संग्रहालयाच्या बाई कपाळास हात लावून बसल्या होत्या. सूनबाई बोलिल्या, “तुमचा न्यायाधीश का भुंकतो?”

“तेच चाललंय सकाळपासून,” ऑपरेटर बोलिले. “बसा. फितीवर जिथं चित्र असतं ना, तिथंच त्याचा आवाज नसतो. आवाज दीडेक वीत पुढे चालतो, चित्र मागून येतं. यंत्रात दोन्ही बरोबर जुळतात. आता कुणी कात्रीनं कुत्रा काढला, तर कुत्रा गेला, पण त्याच्या भुंकण्याची सुरुवात आधीच्या तुकड्यावर राहून जाते. मग पुढे जो कोण दिसेल, तो भुंकतो.”

“म्हणजे फीत तुटलेली नाही, कापलेली आहे.”

“जिथं जिथं कुत्रा, तिथं तिथं. आणि मूळ फितीवरचे सांधे बघितले मी, कसे जोडलेत, खरवडून, चिकटवून, दाबून. वाटेल त्याला जमायचं नाही हे. आमच्याच धंद्यातला कुणीतरी आहे.”

तेव्हा बाईंनी सांगितले जे, डबे ज्या चित्रगृहाच्या माळ्यावर सापडले तेथील ऑपरेटर कधीच वारले, परंतु त्यांची कन्या बाजारामागील गल्लीत शिवणकाम करिते, शिलाई मावशी म्हणून प्रसिद्ध आहे. ही बातमी सूनबाईंनी पायरीवर आणिली. आत्याबाईंनी मान वर केली. “म्हणजे तो होता,” त्या हळूच बोलिल्या.

“होता की नाही ते बघतो,” भाचेसाहेब बोलिले. “मी जातो त्या मावशींकडे.” यात छाननी किती आणि पश्चात्ताप किती, ते त्यांचे त्यांस ठाऊक.

पहिली स्वारी येणेप्रमाणे त्यांचीच जाहली. मसलत अशी की विजार शिवावयास द्यावी, आणि बोलता बोलता भेद काढावा. ते गल्लीत दाखल जाहले, आणि मावशी यंत्रावर बसल्या होत्या, तोंडात टाचण्या, गळ्यात मापाची फीत. भाचेसाहेबांनी विजारीची गोष्ट काढिली, आणि हवेची काढिली, आणि मग मोठ्या शिताफीने श्वानाची काढिली. मावशींनी टाचण्या काढून गादीस खोचल्या आणि फर्माविले, “सरळ उभे राहा. पोट आत ओढू नका, नंतर विजार शिव्या देते.” मग माप घेतले आणि वाटेस लाविले. पुन्हा गेले तो विजार तयार, परंतु श्वानाचा शब्द नाही. स्वारी विजारीनिशी परतली. विजार मात्र उत्तम बसली, हे नमूद करणे प्राप्त आहे.

दुसरी स्वारी संग्रहालयाच्या बाईंची. त्यांनी आडवळण न घेता सांगितले जे, तुमच्या वडिलांनी कापलेले तुकडे तुमच्यापाशी असल्यास ती फीत भयंकर, भडकली तर पाण्यानेही विझत नाही.

“मग एवढी वर्षं तर भडकली नाही,” मावशी बोलिल्या.

“कुठे ठेवली आहे?”

“शेगडीच्या वरच्या फळीवर.”

बाई मटकन खुर्चीत बसल्या, आणि त्यांस पाणी द्यावे लागले. पाणी देताना मावशींनी कबूल केले जे, डबा आहे. आणि हेही सांगितले की तो कोणास मिळावयाचा नाही. बाईंच्या डोळ्यांदेखत तो त्यांनी शेगडीवरून काढून गार कोनाड्यात ठेविला, एवढीच त्या स्वारीची मिळकत.

मग आत्याबाई बोलिल्या, “मी जाते. एकटी.” कोणी आडवे आले नाही.

त्या दुपारी गल्लीत ऊन तिरपे पडले होते आणि यंत्राचा आवाज दुरून ऐकू येत होता. आत्याबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या. शिष्टाई, खलिता, नजराणा, काही आणिले नव्हते.

“मी सुताराची मुलगी,” त्या बोलिल्या. “तो कुत्रा आमचा.”

यंत्र थांबले. मावशींनी त्यांस खालपासून वरपर्यंत पाहिले. “सगळेच म्हणतील आमचा.”

“डावा कान अर्धा होता.”

मावशींनी यंत्रावरचा हात काढिला. चिंध्या बाजूस सारून त्यांनी खुर्ची मोकळी केली. मग सुई हातात, दोरा तोंडात, आणि मान खाली घालून त्या गुणगुणल्या, जसे कोणी घराची किल्ली शोधता शोधता गुणगुणावे:

माझिया भिंतीला
आला गं पाहुणा
बोलेना, भुंकेना
कान एक उणा.

“मीच केलं होतं हे गाणं. लहान होते. ताप आला, आणि पाय गेले. पुढे आले, पण तेव्हा गेले होते. वर्षभर खाटेवर. बाबांच्या टॉकीजला हा सिनेमा लागला होता, शेवटची प्रत फिरत फिरत आलेली, फाटकी. मला न्यायचं कसं? मग बाबांनी कुत्रा तेवढा कापून घरी आणला. खेळण्यातलं यंत्र होतं, हातानं फिरवायचं, भिंतीवर दिसायचं. रोज खेळ.”

“आणि सिनेमा?”

“परत पाठवायची वेळ आली, आणि बाबा घाबरले. कुत्र्याच्या सिनेमात कुत्रा नाही, मालक फाडून खाईल. हरवला म्हणून सांगितलं आणि माळ्यावर दडवला. पुढे भीतीनं कधी काढलाच नाही.”

श्रोतीं येथे क्षणभर थांबावे. ज्या प्रती प्रामाणिकपणे परत गेल्या त्या एकजात धुतल्या गेल्या. बाप कन्येपायी चोर जाहला, आणि तेवढी एक चोरीची प्रत वाचली.

“नक्कल काढून तुमचे तुकडे परत देतील,” आत्याबाई बोलिल्या.

“तुकड्यांचं नाही हो.” मावशींनी दोरा तोडिला. “त्या भिंतीवर बाकी सगळे आपापसात बोलत असायचे. माझ्याकडे कुणाचं लक्ष नसायचं. आणि हा मात्र मान वळवून माझ्याकडे बघायचा. दर खेळाला. चोर समोर असला तरी माझ्याकडे. तेवढ्यासाठी मी बरी झाले असं बाबा म्हणायचे. आता तुम्ही त्याला मोठ्या पडद्यावर लावणार, शंभर माणसं बसणार. मग तो सगळ्यांचा.”

आत्याबाईंच्या ओठांवर शब्द आला, तो त्यांनी गिळिला. शिलेदार मान वळवून कोणाकडे पाहत असे, हे जगात एकच मनुष्य जाणत होते, आणि ते या खुर्चीत बसले होते. त्यांनी निराळेच विचारिले, “भुंकायचा का?”

“तोंड उघडायचा. त्या यंत्राला आवाज कुठला? मला वाटायचं, मी आजारी आहे म्हणून हळू भुंकतो.”

“तुम्ही त्याचा आवाज ऐकलाच नाही?”

“नाही.”

“आणि मी त्याला पडद्यावर बघितलंच नाही. गोवर निघाला होता.”

ऐशा त्या दोघी; एकीपाशी रूप, एकीपाशी आवाज, आणि मध्ये कापडाचा ढीग. शेवटी मावशी उठल्या, आणि यंत्र झाकिले, आणि चहा टाकिला. तहाची बोलणी शेगडीपाशी जाहली. मावशींनी मागितले जे, तुकडे नक्कल होताच परत यावे, आणि पडद्यावर वडिलांचे नाव मानाने लागावे, आणि खेळास दोघींनी शेजारी शेजारी बसावे. आत्याबाईंनी सर्व मान्य केले आणि एकच मागणे घातले जे, डबा पुन्हा शेगडीवर जाऊ नये. मावशींनी ते अनमान करून मान्य केले.

मग ऑपरेटरांनी एकेक तुकडा त्याच्या त्याच्या जागी बसविला, जसे विस्कटलेल्या वेणीत पेड घालावे, आणि दुसऱ्या खेळाची द्वाही फिरली. या वेळी सभागृह तुडुंब. पाहुणेमंडळी, कचेरीवाले, जिन्यावर बोललेला तो गृहस्थही सूनबाईंनी मुद्दाम बोलाविला आणि पहिल्या रांगेत बसविला. आत्याबाई व मावशी मध्ये, शेजारी शेजारी.

प्रथम पडद्यावर मावशींच्या वडिलांचे नाव लागले, आणि खाली अक्षरे आली जे, यांच्यामुळे हा चित्रपट वाचला. मावशींनी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरिले. मग सावकार ओरडला, “शिलेदार, धाव,” आणि फितीस हिसका बसला नाही, आणि दारातून, ज्या दारामागे घर नव्हते त्या दारातून, शिलेदार आला. भुशाच्या रंगाचा, आता राखाडी. डावा कान अर्धा. आत्याबाई खुर्चीत पुढे सरकल्या. भाचेसाहेबांनी त्या कानाकडे पाहिले, आत्याबाईंकडे पाहिले, आणि खिशातून रुमाल काढून उगाच चष्मा पुसू लागले.

मग शिलेदार भुंकला. खांब हालला, सावकार हालला, पहिल्या रांगेतील गृहस्थ हालला. मावशी दचकून आत्याबाईंस बिलगल्या.

“एवढा मोठा?”

“एवढा. खिडक्या वाजायच्या.”

मावशी अंधारात हसल्या. “मग माझ्याकडे येऊन मुद्दाम हळू भुंकत होता म्हणायचा.”

“मग काय तर.”

खेळ चालू राहिला. नायिका नायिकेसारखी बोलिली, न्यायाधीश न्यायाधीशासारखे बोलिले, आणि साक्षीच्या पिंजऱ्यात शिलेदार उभा राहिला. चोर समोर होता, हातोडा वर होता, सर्व सभा त्याजकडे पाहत होती. आणि त्याने मान वळविली, अर्धा कान टवकारला, आणि सर्वांस सोडून पडद्याच्या एका कडेकडे टक लावून पाहू लागला. शेपूट हालू लागले. असे पाहणे नाटकाचे नसते.

लोकांस न दिसणारे पाहणे हा ज्यांचा हुद्दा, ते भाचेसाहेब अर्धे उठले. त्यांस भान राहिले नाही. “आत्या, तो कॅमेऱ्याच्या बाजूला बघतोय. उजवीकडे कुणीतरी बसलंय.” मग ते आत्याबाईंकडे वळले. “तूच बसलीयेस.”

मागचे वळले, पुढचे वळले. जिन्यावर बोललेल्या गृहस्थानेही मान फिरविली. ज्या घटकेसाठी एका बाईने आयुष्यभर शब्द जपला आणि शेवटी टाकून दिला, ती घटका येऊन खुर्चीपाशी उभी राहिली. आत्याबाईंनी नुसते हो म्हणावयाचे होते.

त्याच समयी मावशींनी त्यांचा हात ओढिला. “बघितलंत ना? मी म्हटलं नव्हतं? एवढी माणसं बसलीत, आणि हा माझ्याकडेच.” पडद्याचा उजेड त्यांच्या तोंडावर पडला होता, आणि ते तोंड खाटेवरच्या पोरीचे होते.

आत्याबाईंनी भाच्याकडे पाहिले, आणि शिलेदाराकडे पाहिले. शिलेदार तिकडे वाट पाहत उभा होता.

“बाळ्या, खाली बस,” त्या सर्वांस ऐकू जाईल ऐशा आवाजात बोलिल्या. “कुत्रा आमचा, एवढं खरं. ते खोक्यावर बसायचं मी आपलं रचून सांगायचे.” मग मावशींकडे वळल्या. “तुमच्याकडेच बघतोय तो. दुसरं कोण आहे तिथं.”

भाचेसाहेबांनी तोंड उघडिले. ज्या मनुष्याने उभ्या हयातीत कोणाचे खोटे पदरात घेतले नाही, त्याने आत्याबाईंचा चेहरा वाचिला, आणि तोंड मिटिले, आणि खाली बसला.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. शिलेदार आपल्या जागी आला, न्यायाधीशांनी भुंकणे सोडिले, तह उभयपक्षी पाळिला गेला, भाचेसाहेबांस एक विजार प्राप्त जाहली, आणि आमच्या घरी जेवताना पुन्हा ताटे निवू लागली. सूनबाईंच्या हुकुमाबरहुकूम सर्व खरे ते लिहिले आहे, आणि त्यात हेही दाखल केले आहे की आत्याबाईंनी आयुष्यात थाप मारिली ती एकच, रविवारी सकाळी, भरल्या सभेत, आणि ती खोडून काढण्यास घरातील कोणीही पुढे आले नाही.